टिपणीस डॉक्टरांच्या गाडीचं पथ्य

बदलापुरात टिपणीस डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन गोष्टींना क्षमा नव्हती. एक, सांगितलेलं पथ्य मोडणं. आणि दुसरी, त्यांचं औषध चालू असताना आणखी कुणाला जाऊन प्रकृती दाखवणं. कुणाच्या कपाळावर भगताचा अंगारा दिसला की डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर आपटत. "मग त्याच्याकडूनच बरे व्हा!" असं ते इतक्या मोठ्यानं म्हणत, की बाहेर बाकावर बसलेले चार पेशंट गुपचूप आपापलं कपाळ पुसून घेत. त्यांचा कंपाउंडर रघु तर अंगारा दिसला की आधीच पाण्याचं भांडं पुढं करी.

"घरी विचारून सांगतो" हे वाक्यही त्यांना खपत नसे. एखाद्याला गळू कापायला हवं म्हणून सांगावं आणि त्यानं "घरी विचारून सांगतो" म्हणावं, की डॉक्टर विचारत, "घरी कोण आहे? सर्जन?"

माणूस मनानं वाईट नव्हता. अपरात्री बोलावलं तरी जायचा. आणि जायचा तो स्वतःच्या मोटारीनं. त्या मोटारीचीच ही गोष्ट.

सत्तेचाळीस साली कल्याणचा एक रेल्वेतला गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडून ही गाडी घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. पुढं वांगणीपासून अंबरनाथपर्यंतच्या खडबडीत रस्त्यांवर तिनं इतकी वणवण केली, की मैल मोजणारा आकडा नऊ-नऊ-नऊ करत टोकाला गेला आणि एके दिवशी सगळीकडं शून्य झालं. तेव्हा डॉक्टरांच्या शेजारी दौलतराव बसले होते. कुळगावचे भाताचे मोठे शेतकरी, देह भारदस्त, आणि रक्तात साखर. डॉक्टरांची गाडी वाकडी वाट करून त्यांना शेतावर सोडी आणि त्या निमित्तानं वाटेत डॉक्टर त्यांना गुळावर, भातावर आणि आंब्यावर व्याख्यान देत. आकड्याकडं बघून दौलतराव म्हणाले, "डाक्तर, बाई नव्यानं जन्माला आली जणू."

पण जन्म नवा असला तरी दमा जुनाच होता. गाडी पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागली आणि मागून निळा-काळा धूर असा सोडू लागली की पाठीमागून येणारा सायकलवाला उतरून उभा राहायचा. चढावर आतून कुणी तरी कढईत खडे हलवतंय असा आवाज येई. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी चालते आहे ना? मग झालं.

शेवटी गाडी डॉक्टरांच्या पत्नी सुनंदाबाईंच्या वाटेला गेली, आणि तिथं तिची चूक झाली.

फाल्गुनात सुनंदाबाईंनी अंगणात पोह्याचे पापड वाळत घातले होते. नेमकी त्याच दिवशी डॉक्टरांनी गाडी अंगणात उभी करून, इंजिन गरम व्हावं म्हणून चालू ठेवली आणि आत चहा प्यायला गेले. धूर पापडांवरून सावकाश फिरला. पापड दिसायला तसेच राहिले. ते डब्यात भरले गेले, त्यातले अर्धे अंबरनाथला सुनंदाबाईंच्या भावाकडं गेले, आणि तिथं पहिला पापड तळला तेव्हा वहिनीनं निरोप धाडला, "वन्सं, पापड छान झालेत, पण मोटारीचे आहेत का?"

सुनंदाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तिला तरी बरं करा, नाहीतर मला तरी माहेरी पोचवा. पण पोचवायला ती गाडी नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी घेऊन कॅम्पात गेले. उल्हासनगर हे नाव कागदावर येऊन पाच वर्षं होत आली होती, पण आसपासचे लोक अजून कॅम्पच म्हणत. लष्कराच्या लांबलचक बराकींत सिंधी कुटुंबं राहत होती आणि बराकींच्या पुढं पत्रे उभारून हरतऱ्हेचा धंदा चालला होता. असल्याच एका पत्र्याखाली हासानंद मिस्त्रीचं गॅरेज होतं. पांढऱ्या मिशा, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि आवाज फौजदाराचा. सिंधमधल्या सक्करला आपलं गॅरेज होतं असं तो सांगे. ते किती मोठं होतं हे त्या दिवशी गिऱ्हाईक कोण आलंय त्यावर ठरे. डॉक्टर आल्यामुळं त्या दिवशी त्याला दोन फाटकं होती.

हासानंदानं बॉनेट उघडलं, स्क्रू पिळायचा एक लांब पेचकस इंजिनवर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटले. डॉक्टर बघत राहिले. मिस्त्रीनं पेचकस इथं टेकव, तिथं टेकव, असं बराच वेळ केलं. मग डोळे उघडून पहिला प्रश्न केला, "साईं, इससे पहले किसने हाथ लगाया था?"

"कल्याणचा एक मिस्त्री होता."

"उसी ने मारा है इसको," हासानंद म्हणाला आणि दुःखानं मान हलवली.

डॉक्टरांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. कल्याणहून आलेल्या पेशंटला ते स्वतः हेच म्हणत, फक्त मराठीत. पण तो विचार त्यांनी झटकला.

"झालंय काय तिला?"

"रिंगा खलास. बोअर खलास. बेअरिंग भी गया. खोलना पडेगा, साईं. पूरा इंजिन नीचे उतारना पडेगा."

डॉक्टरांनी विचारलं, "खोलल्याशिवाय नाही का होणार? म्हणजे… वरून काही औषध वगैरे?"

"औषध?" हासानंदानं पेचकस फडक्याला पुसला. "देर करोगे तो एक दिन रस्ते में बैठ जाएगी."

आणि टिपणीस डॉक्टरांच्या तोंडून, त्यांना कळायच्या आत, शब्द निघून गेले, "घरी विचारून सांगतो."

घरी विचारायचं काही नव्हतंच. ते गेले अंबरनाथला, मेव्हण्याकडं. गुरुदत्त तिथल्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होता. यंत्राला त्याचा हात कधी लागला नव्हता, पण यंत्रांची चित्रं त्यानं हजारो काढली होती, त्यामुळं मत ठाम होतं.

"इंजिन उतरवायचं? वेडे आहात का भाऊजी? ह्या लोकांना खोलायलाच हवं असतं. एकदा खोललं की गाडी पहिल्यासारखी राहत नाही. आमच्या कारखान्यातला एक जण पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतो. आतलं सगळं काजळ जळून जातं, गाडी घोड्यासारखी पळते."

"कपड्यांत ठेवतात त्या?"

"त्याच. पण त्या मिस्त्रीला बोलू नका."

तेव्हा डॉक्टरांनी घरी येऊन, सुनंदाबाई देवळात गेल्या आहेत असं पाहून, त्यांच्या पैठण्यांच्या ट्रंकेतल्या पांढऱ्या गोळ्या काढल्या. एक मूठ टाकीत सोडली. मग थोडा विचार करून, रोग जुना आहे म्हणून, आणखी एक मूठ सोडली.

गाडी पळाली, यात खोटं काही नाही. अंबरनाथच्या अलीकडच्या चढापर्यंत ती खरोखर पळाली. सोबत दौलतराव होते. ते नाक वर करून म्हणाले, "डाक्तर, लग्नाला निघाल्यासारखा वास येतोया." तेवढ्यात आत मोठ्यानं काही तरी फुटलं, धुराचा एक ढग उठला आणि गाडी चढाच्या मध्यावर बसली. कायमची.

दौलतरावांनी जवळच्या बुवापाड्यातून ओळखीच्या माणसाचे बैल आणवले. भर दुपारी बैल पुढं, मोटार मागं, सुकाणू धरून डॉक्टर आत, आणि दौलतराव पुढं चालत "हां हां, सावकाश, आजारी हाय" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, अशी ती वरात कॅम्पात शिरली. बराकीबराकींतून बायका-मुलं बाहेर आली.

हासानंदानं टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं. बराच वेळ त्यानं ते बाहेर काढलं नाही. मग डॉक्टरांकडं वळला. "साईं, किसी को दिखाया था?"

"नाही, छे!"

"कुछ डाला?"

"काही नाही. साधं पेट्रोल."

हासानंदानं पुन्हा एकदा वास घेतला आणि म्हणाला, "मेरी माँ के संदूक में यही खुशबू आती थी." डॉक्टर बुटाच्या टोकाकडं बघत उभे राहिले. दौलतराव मात्र डॉक्टरांकडं असे बघत होते, जसं शाळेतलं मूल मास्तरांना छडी बसताना बघतं.

इंजिन उतरलं. साखळ्या लावून, कप्पीवर ओढून, चार माणसांनी ते लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आणि हासानंदानं त्याचा एकेक अवयव सुटा करून जुन्या चटईवर मांडला. डॉक्टर सायकलीनं पेशंट बघत आणि सायकल कशीही फिरली तरी कॅम्पात येऊन थांबे. पत्र्याखाली उभं राहून ते विचारत, "कसं आहे?"

"ठीक है, साईं."

"ठीक म्हणजे? सिलिंडरची झीज किती? पुढं त्रास नाही ना होणार?"

"ऊपरवाला बैठा है."

हे उत्तर ऐकून डॉक्टर हैराण होत. वरचा बसलाय म्हणजे काय? ह्या माणसाला कळलंय की नाही? की कळलंय आणि सांगत नाही? इंजिनातला क्रँक नावाचा दांडा घासायला मुंबईला गेला तेव्हा तर त्यांना जेवण गोड लागेना. हासानंद जरा बाजूला झाला की ते चटईवरचा एखादा व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरत. एकदा मिस्त्रीनं ते पाहिलं आणि सरळ हातातला पान्हा रस्त्याकडं दाखवला. "साईं, आप बाहर बैठो. घरवालों का यहाँ काम नहीं."

बाहेर एक बाक होता. त्यावर टिपणीस डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. शेजारी ट्रकचा एक मालक तसाच बसला होता. त्यानं विचारलं, "तुमचं काय?"

"इंजिन उतरवलंय."

"आमचं गिअर," तो म्हणाला आणि दोघांनी उसासा टाकला.

अखेर सिलिंडर आतून घासून बोअर झालं, नवे पिस्टन बसले, रिंगा बसल्या, व्हॉल्व्ह घासून झाले आणि इंजिन पुन्हा गाडीत गेलं. डॉक्टर खिशात पेढे घेऊन आले होते. पण हासानंद गाडी चालू करायला हँडल मारायच्या ऐवजी चटई झटकत होता. चटई झटकून झाली, तेव्हा त्यानं ओंडक्यांखाली पाहिलं. मग स्वतःच्या खिशांत. त्याचा फौजदारी आवाज एकदम खाली आला.

"साईं, आपने कोई कपडा तो नहीं उठाया? लाल वाला?"

"कसला कपडा?"

"हाथ पोंछने का."

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. मग इंजिनाकडं बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. कॉलेजात असताना एका मोठ्या सर्जनच्या हाताखाली ते उभे होते. पोट शिवून झाल्यावर एक टॉवेल कमी भरला होता आणि त्या सर्जननं नेमकं ह्याच आवाजात विचारलं होतं. तेव्हा टॉवेल नर्सच्या खांद्यावर सापडला होता. इथं नर्स नव्हती.

"खोला," डॉक्टर म्हणाले, "खालून खोला."

दोघंही गाडीखाली उताणे शिरले. ऑइलचं चेंबर उतरवलं तेव्हा लाल फडकं आत नीट घडी केल्यासारखं बसलेलं निघालं. हासानंदानं ते ओढून काढलं आणि पिळलं. दोघंही तसेच पडून राहिले.

"सक्कर में ऐसा कभी नहीं हुआ," हासानंद म्हणाला.

"होतं," डॉक्टर म्हणाले. "कुणाकडूनही होतं." आणि पडल्या पडल्या त्यांनी त्याला पेढा दिला.

गाडी चालू झाली तेव्हा धूर नव्हता. आवाजसुद्धा असा, की शेजारच्या बराकीतलं शिवणयंत्र स्पष्ट ऐकू येत होतं. हासानंदानं लाल रंगात काडी बुडवून वेग दाखवणाऱ्या तबकडीवर पंचविसाच्या आकड्यापाशी एक रेघ ओढली.

"साईं, नया इंजिन है. अंदर सब टाइट. पाचसौ मील तक इस लाल के ऊपर नहीं. दौडाना नहीं, बोझा नहीं. बाद में जो मर्जी."

"मला सांगता?" डॉक्टर म्हणाले. "पथ्य म्हणजे काय हे मला शिकवता?"

आणि पहिले काही दिवस त्यांनी ते खरोखर पाळलं. बदलापूरच्या रस्त्यानं गाडी नव्या नवरीसारखी चालली. डॉक्टरांची नजर रस्त्यापेक्षा लाल रेघेवर जास्त. पोस्टमन सायकलीवरून रामराम करत पुढं निघून जाई. दौलतराव शेजारी बसून पेंगत.

पण वैशाखातल्या एका सकाळी पाठीमागून हॉर्न वाजला. गवतानं शिगोशीग भरलेली एक लॉरी होती. ती घरघरत बाजूनं पुढं गेली आणि जाताना अर्धी पेंढी गवत उघड्या खिडकीतून डॉक्टरांच्या अंगावर सांडून गेली. मागं गवतावर उताणा पडलेला हमाल वाकून म्हणाला, "डॉक्टरसाब, धक्का देऊ का?"

डॉक्टरांनी मिशीतली काडी काढली. तबकडीकडं पाहिलं.

"जाऊ द्या डाक्तर," दौलतराव म्हणाले. मग जरा थांबून, रस्त्याकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता एवढं सोनं केलंया गाडीचं… एकदा जरा ताणून बघितली तर काय हुतंय? एकदाच. एकदा खाल्ल्यानं माणूस मरत न्हाय."

हे वाक्य डॉक्टरांनी दवाखान्यात आजवर किती वेळा ऐकलं होतं आणि किती वेळा टेबलावर हात आपटून त्याचा समाचार घेतला होता, याला गणती नाही. पण त्यांचा पाय ते विसरला. काटा लाल रेघेवरून गेला, तिशीवर गेला, चाळिशीला टेकला. गाडी कुरकुरली नाही की धापली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. लॉरी जवळ आली, बाजूला आली, मागं पडली. डॉक्टरांनी हॉर्न दिला. दौलतरावांनी खिडकीतून फेटा फडकावला. टिपणीस डॉक्टर, वय वर्षं पंचेचाळीस, मोठ्यानं ओरडले, "अरे हॅट्!"

ते पुढं आणखी एक मैलभर गेले असतील. मग गाडीनं एक आवंढा गिळला, करकचून आवाज केला आणि रस्त्याच्या मधोमध थिजली. हँडल मारून पाहिलं तर ते दगडात रोवल्यासारखं. इंजिन जाम!

थोड्या वेळानं लॉरी आली. सावकाश बाजूनं गेली. उरलेली पेंढी सांडली.

दोघं आंब्याखाली जाऊन बसले. थंड होईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर गुडघ्यात मान घालून बसले होते. दौलतरावांनी इकडं तिकडं पाहिलं, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेली पुरणपोळी काढली. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशेजारी बसलोय ते. हात तिथंच थांबला.

डॉक्टरांनी पोळीकडं पाहिलं, दौलतरावांकडं पाहिलं. "रोज असते का ही पिशवीत?"

"रोज न्हाय," दौलतराव म्हणाले. "एकादशीला नसतीया."

डॉक्टरांनी हात पुढं केला. दौलतरावांना वाटलं, जप्त होणार. डॉक्टरांनी पोळीचे दोन तुकडे केले, मोठा स्वतःकडं घेतला. "तुम्हांला एवढीच. आणि उद्या लघवी तपासायला घेऊन यायची. खोटी नको, तुमचीच."

दौलतराव दचकले. "म्हंजे? तुमाला ठावं व्हतं?"

"गेल्या वेळची तुमच्या सुनेची होती. बाटली तिनंच आणून दिली आणि देताना लाजली. आणि तुमच्या लघवीत साखर नसेल, असं कधी होईल का?"

इंजिन निवलं, कण्हत सुरू झालं आणि ते दोघं बैलाच्या चालीनं कॅम्पात पोचले. वाटेत ठरलं होतं, बोलायचं फक्त डॉक्टरांनी.

"लाल रेघेच्या वर गेलीच नाही," डॉक्टर म्हणाले. "अचानक थांबली."

"बैलगाडीमागनं चाललो व्हतो," दौलतरावांना राहवलं नाही. "बैलसुदिक म्हातारा व्हता."

हासानंदानं एक प्लग खोलून हातावर घेतला. तो पांढराफटक भाजला होता. मग त्यानं डॉक्टरांच्या कॉलरमधून गवताची एक लांब काडी उपसली आणि प्लगशेजारी हातावर ठेवली. "सब यही बोलते हैं, साईं," तो म्हणाला. रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं डॉक्टरांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः इंजिनचं हेड खोलायला घेतलं.

सुदैवानं फार बिघडलं नव्हतं. पिस्टनवर ओरखडे होते, ते घासून निघाले. चार दिवसांनी गाडी परत मिळाली तेव्हा डॉक्टरांनी पाय ठेवून पाहिला. वेगाचं पॅडल अर्ध्यावर जाऊन अडत होतं. खाली वाकून बघितलं, तर हासानंदानं बाभळीच्या लाकडाची एक ठोकळ्यासारखी गुटी पॅडलखाली ठोकून बसवली होती, वर चांगले दोन स्क्रू मारून.

"हे काय?"

"पाचसौ मील बाद निकाल दूँगा. आप पर भरोसा है साईं, आपके पैर पर नहीं."

गुटीसकट गाडी घेऊन ते घरी आले. पापड घालायच्या अंगणात इंजिन चालू ठेवून सुनंदाबाईंना बोलावलं. त्यांनी मागं जाऊन पांढरा रुमाल सायलेन्सरपाशी धरला, उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "बरी झाली हो. पण माझ्या ट्रंकेतल्या गोळ्या कुठं गेल्या?" डॉक्टरांना एकदम एका पेशंटची आठवण झाली आणि ते दवाखान्यात निघून गेले.

तिथं बाकावर बनूबाई बसली होती. गुडघ्यांचं दुखणं, आणि कपाळभर अंगारा. येताना पुसायचा राहून गेला होता. डॉक्टर दारात उभे आहेत हे दिसताच तिनं पदर ओढला, पण उशीर झाला होता. रघु पाण्याचं भांडं घेऊन धावला.

डॉक्टर खुर्चीवर बसले. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला.

"भगताकडं गेली होतीस?"

"व्हय जी," बनूबाई पुटपुटली.

"काय म्हणाला?"

बनूबाईला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. "म्हनला… बाहेरचं हाय."

"बरं. दुखायचं थोडं थांबलं का?"

"रातीला झोप लागली जरा."

"मग अंगारा राहू दे. माझ्या गोळ्याही घे. आणि उकिडवं बसायचं नाही. बसशीलच तू, पण कमी बस."

बनूबाई गोळ्या घेऊन, मागं वळून वळून बघत निघून गेली. रघु भांडं हातात धरून तसाच उभा होता. मग ते खाली ठेवून तो मागच्या दारानं पळतच घरात गेला.

डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं. त्याची जीभ बघत असतानाच सुनंदाबाई पदराला हात पुशीत आत आल्या. मागं घाबराघुबरा रघु. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, टेबलावरचा थर्मामीटर उचलून दोनदा झटकला आणि "आ करा" म्हणाल्या.

"अगं, मला काही…"

"आ करा म्हटलं ना!"

पेशंटची जीभ बाहेर होतीच. तो ती तशीच ठेवून, डॉक्टरांच्या तोंडात थर्मामीटर जाताना बघत राहिला.